कमी कार्बचा आहार आणि वजन (टाईप वन मधुमेह, ग्रामीण विदर्भ)

टाईप वन मधुमेहात शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकते, इन्शुलिन बनणं जवळपास बंद होतं आणि ते आयुष्यभर सुईनं घ्यावं लागतं. अशा माणसानं भाकर, भात, पोळी, आलू, साखर कमी करायची, ती जागा शेंगदाणा, तेल-तूप, दही, अंडी, मटणानं भरायची आणि तरी अंगावरचं मांस टिकवायचं, या पद्धतीबद्दल ही नोंद आहे. कमी म्हणजे किती यावर एकमत नाही. साधारणपणे दिवसाला 130 ग्रॅमच्या आत कार्ब (अन्नातलं पिष्ट आणि साखर) असेल तर कमी म्हणतात, आणि 20 ते 50 ग्रॅम म्हणजे फारच कमी, ज्याला लोक कीटो म्हणतात. आपल्याकडे खेड्यात याला नावबिव काही नाही, "त्यानं भाकर सोडली" म्हणतात, बस. टाईप टूवाल्याचं (इन्शुलिन बनतं पण पुरेसं लागू पडत नाही, बहुतेकदा वजनदार माणसं) वजन उतरलं तर घरचे खूश, पण इथे आधीच लुकडं पोट्टं असतं आणि आजी दारातून म्हणते, "वाळून रायलं ना बाप्पा हे."

हा आजार आणि ही पद्धत किती जुनी यावर बरंच लिहिलं गेलंय. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे मधुमेहासारख्या लघवीच्या आजाराचे, सहज (जन्मजात) आणि अपथ्यनिमित्तज (खाण्यापिण्याच्या चुकीनं होणारा) असे दोन प्रकार सांगितलेत, पहिल्यातला रोगी कृश आणि दुसऱ्यातला स्थूल, त्यावरून काही लेखक थेट टाईप वन-टाईप टू अशी जोडी लावून मोकळे होतात. संहितेचा काळच ढोबळ, इसवी सनाच्या मागच्या-पुढच्या काही शतकांतला, शिवाय त्यात नंतर भर पडत गेली, त्यामुळे वर्णन जुळतं एवढंच म्हणणं बरं. युरोपात जॉन रोलो या लष्करी डॉक्टरनं 1797 मध्ये कॅप्टन मेरेडिथ नावाच्या रोग्याला मांस आणि चरबीवर ठेवल्याचं छापलं, कमी कार्बची सुरुवात बहुतेक जण इथूनच धरतात, पण तो रोगी चांगला जाडजूड होता म्हणजे टाईप टू असण्याचीच शक्यता जास्त. टाईप वनशी खरा संबंध लागतो तो अमेरिकेतल्या फ्रेडरिक ॲलनच्या उपासमारीच्या आहाराशी, 1910 च्या दशकातल्या. त्यात कार्ब तर कमी होतेच, पण सगळंच कमी होतं. एलिझाबेथ ह्यूजेस ही मुलगी 1919 मध्ये अकराव्या वर्षी आजारी पडली, या आहारावर जिवंत राहिली, आणि ऑगस्ट 1922 मध्ये टोरांटोला इन्शुलिन शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या डॉक्टर बँटिंगकडे पोचली तेव्हा तिचं वजन 45 पौंड होतं, म्हणजे साधारण 20 किलो. इन्शुलिन सुरू झाल्यावर तीच मुलगी भरली आणि पुढे 1981 पर्यंत जगली. कमी कार्ब म्हटलं की जुन्या डॉक्टरांच्या कपाळावर आठी येते ती या काळामुळे, पण तेव्हा हातात इन्शुलिनच नव्हतं, त्यामुळे ती तुलना पूर्ण लागू होत नाही.

आजची पद्धत मुख्यतः रिचर्ड बर्नस्टीन यांच्यापासून धरतात. स्वतः टाईप वन, 1946 मध्ये बाराव्या वर्षी निदान, पेशानं इंजिनिअर, घरी मशीनवर शुगर मोजून आकडेमोड केली आणि मग चाळिशी उलटल्यावर मेडिकलला जाऊन डॉक्टर झाले. दिवसाला 30 ग्रॅम कार्ब, सकाळी 6 आणि दोन जेवणांत 12-12, असा त्यांचा हिशोब. मुद्दा सोपा होता, कार्ब थोडे तर इन्शुलिन थोडं, आणि इन्शुलिन थोडं तर चूक झाली तरी छोटीच होते. 2025 मध्ये नव्वदीत वारले.

आता वजनाचं. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत दोनेक किलो उतरतं ते बहुतेक पाणीच असतं, कारण यकृत-स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या (साखरेचा साठा) एका ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी असतं, साठा घटला की तेही जातं. त्याला घाबरायचं नाही. त्यानंतरही काटा खाली येत राहिला तर बहुतेकदा कारणं दोन, आणि ती वेगळी ओळखता येणं हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे. एक, भाकर काढली पण तिच्या कॅलरी परत घातल्या नाहीत. दोन, कार्ब कमी केले म्हणून इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त कापलं. इन्शुलिन फक्त शुगर उतरवत नाही, चरबी आणि स्नायू धरून ठेवायचं कामही तेच करतं, ते कमी पडलं की शरीर स्वतःलाच खायला लागतं. शुगर बहुतेक वेळ 80 ते 140 मध्ये आणि वजन उतरतंय, तर खाणं वाढवा. शुगर 250 च्या वर, तहान, रात्री चारदा लघवी आणि वजन उतरतंय, तर कितीही तूप खा, काही उपयोग नाही, इन्शुलिन कमी पडतंय, डॉक्टरकडे जा.

कीटोनचा घोळ इथेच होतो. कमी कार्बवर रक्तात लिटरमागे 0.5 ते 3 मिलीमोल कीटोन (चरबी जळताना बनणारे पदार्थ) चांगल्या शुगरसोबत सापडू शकतात, पण शुगर चढलेली, उलट्या, पोटदुखी, धापा असं असेल तर तो कीटोॲसिडोसिस (कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होणं, जिवावरचं दुखणं) समजून रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठायचा. तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळणारी लघवीची पट्टी या आहारावर एरवीही रंग बदलते, तिच्या एकटीच्या भरवशावर राहता येत नाही.

ताटाचा हिशोब एकदा जवळून बघू. सकाळी शेतात जायच्या आधीचं जेवण, 60 ग्रॅम पिठाची एक अशा दोन ज्वारीच्या भाकरी, वरण, वांग्याची भाजी, ठेचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात ज्वारीचे कार्ब 100 ग्रॅमला 72.6 ग्रॅम आहेत, 2017 च्या नव्या तक्त्यात 67.7, कारण नव्यात तंतू वेगळे काढलेत. कुठलाही धरा, दोन भाकरीत 80 ते 87 ग्रॅम कार्ब आणि 400 च्या वर कॅलरी. भाकर उचलली की ताटात उरतं काय? पातळ वरण आणि भाजी, म्हणजे पोट्टं उपाशीच. तिथे मूठ-दीड मूठ, 50 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे (270 च्या आसपास कॅलरी, 12 ग्रॅम प्रोटीन, कार्ब 10 च्या आतबाहेर) आणि भाजीवर तीन चमचे तूप (135 कॅलरी) घातलं की भाकरीची तूट भरली. जवसाची चटणी तर आपल्याकडे घरोघरी असतेच, जवसातले बहुतेक कार्ब तंतूच असतात, वरून तेल घालून वाटीभर खायची. तीळ, ओलं-सुकं खोबरं, सायीचं दही, दोन-तीन अंडी, सावजी रश्श्यातलं मटण, सगळं चालतं. फसवतो तो झुणका आणि पातोड्या. बेसन म्हणजे प्रोटीन असं सगळ्यांना वाटतं, पण त्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास कार्बच असतात. पिठाची वाटी एकदा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजून घ्यावी म्हणजे रोज मोजायची गरज पडत नाही.

प्रोटीनपासूनही यकृत हळूहळू ग्लुकोज बनवतं, तीन-चार तासांनी शुगर चढते आणि माणूस गोंधळतो, मटणात तर साखर नव्हती. यासाठी जुनं रेग्युलर इन्शुलिन बरं पडतं, ते अर्ध्या तासानं सुरू होतं, दोन-चार तासांत जोर धरतं आणि सहा-आठ तास टिकतं. पण खेड्यात अनेकांना मिळतं ते 30/70 चं मिक्स, म्हणजे जेवणाचं आणि लांब टिकणारं इन्शुलिन आधीच मिसळलेलं, मिलीलिटरला 40 युनिटच्या शिशीतलं, आणि त्यात जेवणाचा भाग वेगळा कमी करता येत नाही. मिक्स घेऊन भाकर सोडली तर दुपारी शेतात चक्कर येऊन पडायची वेळ येते, वेचणीच्या दिवसांत तर नक्कीच. म्हणून आधी डॉक्टरांकडून इन्शुलिनची पद्धत बदलून घ्यायची आणि भाकर नंतर. शुगर एकदम उतरली तर खायला खिशात तीन चमचे साखरेची पुडी कायम. डेन्मार्कमधल्या 2017 च्या एका छोट्या अभ्यासात कमी कार्बच्या आहारावर ग्लुकॅगॉनच्या (उतरलेली शुगर वर आणणारं हार्मोन) इंजेक्शनचा परिणाम कमी दिसला होता, तेव्हा ही पुडी जास्तच महत्त्वाची.

पुराव्याचं बोलायचं तर 2018 मध्ये असं खाणाऱ्या टाईप वनच्या 316 जणांचं एक सर्वेक्षण छापून आलं, रोजचे सरासरी 36 ग्रॅम कार्ब आणि एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) 5.67. आकडा डोळे दिपवणारा आहे पण लोक स्वतःहून आलेले, आधीच मन लावून करणारे, त्यामुळे सगळ्यांना लावता येत नाही. वाढत्या मुलांबाबत बालमधुमेहतज्ज्ञांचा कल कार्ब फार कमी न करण्याकडेच आहे, उंची आणि वजन दोन्ही अडकू शकतं म्हणून, आणि ते पटतं.

लुकडा तरुण म्हणजे टाईप वनच असंही नाही. कुपोषणाशी जोडलेला मधुमेह जागतिक आरोग्य संघटनेनं 1985 मध्ये यादीत घेतला, 1999 मध्ये काढला, आणि आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं एप्रिल 2025 मध्ये टाईप फाईव्ह म्हणून मान्य केला. वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजात झालेलं 2022 चं संशोधन त्यामागे आहे. जीएडी अँटीबॉडी (प्रतिकारशक्ती बीटा पेशींवर उठल्याची खूण) आणि सी-पेप्टाईड (शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवतं ते) तपासल्याशिवाय अशा माणसाची भाकर काढू नये.

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे प्रश्न भाताचा. तिथे तलावाची मासोळी हाताशी असते, ती तेलात चांगली परतून खाल्ली तर भात वाटीवर आणता येतो. याच भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि त्या आजारात लाल पेशी लवकर मरतात म्हणून एचबीएवनसी खोटा कमी येतो, तिथे मशीनवरचे रोजचे आकडेच धरायचे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना 46 अंशांच्याही वर जातो, लाईट गेली की फ्रिजही गेला, इन्शुलिनची शिशी प्लास्टिकच्या कोरड्या डबीत घालून ओल्या माठात ठेवतात. उन्हानं इन्शुलिन बिघडलं तर शुगर चढते, वजन उतरतं आणि सगळे दोष देतात जेवणाला.