ग्रहांचे फोटो: एका निगेटिव्हपासून बारा हजार फ्रेमपर्यंत

फिल्मच्या काळात हौशी दुर्बिणीतून गुरूचा फोटो घ्यायचा तर आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) प्रतिमा मोठी करून फिल्मवर पाडावी लागे. मोठी केली की ती अंधुक होई, म्हणून एक्स्पोजर एक-दोन सेकंदांचं. तेवढ्यात हवा कितीतरी वेळा हलते, आणि डोळ्याला स्वच्छ दिसलेले पट्टे निगेटिव्हवर फासले जात. फ्रान्समधल्या पिक दु मिदी वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ बर्नार ल्यो आणि सहकाऱ्यांनी 1940 च्या दशकात यावर तोड काढली: निवडक निगेटिव्ह जुळवून एकच छपाई. स्टॅकिंगची, म्हणजे अनेक फोटो एकावर एक रचून एक करण्याची, कल्पना ती हीच. छोट्या एक्स्पोजरमध्ये स्थिर प्रतिमा हाती लागण्याची शक्यता किती, याचं गणित शास्त्रज्ञ डेव्हिड फ्राइड यांनी 1978 मध्ये मांडलं. दुर्बीण जितकी मोठी, तितकी ही शक्यता झपाट्यानं घटते.

हौशी मंडळींच्या हाती हे तंत्र आलं ते वेबकॅममुळे. फिलिप्सच्या टूकॅमची लेन्स काढायची, तिथे आयपीसच्या जागी बसणारी सव्वा इंची नळी बसवायची, की झाला ग्रहांचा कॅमेरा. चित्र जेमतेम 640 × 480 पिक्सेलचं. सेकंदाला दहापेक्षा जास्त फ्रेम घेतल्या की जुनी यूएसबी त्या दाबून बारीक तपशील खाऊन टाकी. कोर बेरेव्हूत्स यांचं रजिस्टॅक्स हे स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर मोफत होतं, आणि 27 ऑगस्ट 2003 ला मंगळ 5.58 कोटी किलोमीटरवर आला. त्या वेळी तो नागपुरातून 53 अंश उंच चढत होता, लंडनहून जेमतेम 23. ग्रह जितका उंच, तितकी मधली हवा कमी; अक्षांशाचा हा फायदा आपल्याकडे फारसा कुणी मोजत नाही. जानेवारी 2026 च्या प्रतियुतीत (ग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो तेव्हा) तर गुरू नागपूरच्या जवळजवळ डोक्यावरून गेला. (हातानं फिरवायच्या साध्या बैठकीवरची दुर्बीण, म्हणजे डॉब्सोनियन, वापरणाऱ्यांची मात्र तिथेच पंचाईत: डोक्यावरचा ग्रह हातानं ढकलत ठेवणं जिकिरीचं.)

आजचे कॅमेरे 5-10 मिलिसेकंदांची फ्रेम घेतात. सेकंदाला शंभर धरल्या तर दोन मिनिटांत बारा हजार. त्यातल्या बऱ्या दहा टक्के ऑटोस्टॅकर्ट हे सॉफ्टवेअर निवडतं. गुरू 9 तास 55 मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, म्हणून क्लिप फार लांबवली तर तपशील सरकतात. विनजुपोस हे सॉफ्टवेअर ते सावरतं. एफ-गुणोत्तर (दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले तिचा व्यास) कॅमेऱ्याच्या पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या आकाराच्या पाचपट ठेवावं: 2.9 मायक्रॉनला सुमारे एफ/15. एफ/10 च्या दुर्बिणीला 3 एक्स बार्लो (प्रतिमा तिप्पट करणारं भिंग) लावून एफ/30 करणं ही नेहमीची चूक. चित्र फुगतं, एक्स्पोजर वाढतो, तपशील तेवढाच राहतो.

नागपुरात खरा शत्रू गच्ची. मे महिन्यात तापलेला स्लॅब मध्यरात्रीनंतरही उष्णता सोडत राहतो आणि ग्रहाची कडा उकळल्यासारखी दिसते. अशा वेळी दुर्बीण अंगणातल्या मातीवर किंवा गवतावर लावावी, आणि आठ इंची आरशाची दुर्बीण थंड व्हायला किमान तासभर आधी बाहेर काढून ठेवावी.