डायमंड ब्लेड: कुठल्या दगडाला कुठली चकती

डायमंड ब्लेड म्हणजे ग्रॅनाइट, मार्बल, टाइल, काँक्रीट, डांबर असलं काही कापायला मार्बल कटरवर, ग्राइंडरवर किंवा मोठ्या मशीनवर लावतात ती स्टीलची गोल चकती, जिच्या कडेला हिऱ्याचे बारीक कण धातूच्या भुकटीत घट्ट बसवलेले असतात. नावात ब्लेड असलं तरी ती कापत नाही, घासते. कडेला ज्या खाचा दिसतात त्यांना बरेच जण करवतीचे दात समजतात, पण त्या हवापाणी आत जायला आणि भुगा बाहेर पडायला ठेवलेल्या असतात. प्लग काढून नव्या चकतीच्या कडेवर बोट फिरवून बघा, धार अशी लागतच नाही, जाड पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं.

यातला हिरा अंगठीतला नाही, कारखान्यातला. स्वीडनच्या आसेआ कंपनीने १९५३ मध्येच कृत्रिम हिरा बनवला होता पण गप्प बसले, आणि डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या लॅबमध्ये ट्रेसी हॉलने तो बनवला, त्यामुळे नाव त्याचं झालं. त्यानंतर हिरा हा औद्योगिक माल झाला आणि आज हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांशेजारी टांगलेला दिसतो.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो "चांगल्यातलं ब्लेड कुठलं?" हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण कापायचं काय हे सांगितल्याशिवाय चांगलं-वाईट ठरतच नाही. सगळी मेख बाँडमध्ये आहे. बाँड म्हणजे हिऱ्याचे कण धरून ठेवणारा धातू, त्यात कोबाल्ट, लोखंड, ब्रॉन्झ असं मिश्रण असतं. कापताना वरचा कण बोथट होतो, तुटतो, गळून पडतो, आणि तोवर आजूबाजूचा बाँड झिजून खालचा ताजा कण उघडा पडलेला असायला हवा. म्हणजे चकती झिजणं हा दोष नाही, झिजते म्हणूनच ती कापते. यातूनच तो नियम येतो जो ऐकणाऱ्याला पहिल्यांदा उलटा वाटतो: कडक दगडाला मऊ बाँड आणि मऊ पण खरखरीत मालाला कडक बाँड.

कारण असं की कडक, घट्ट ग्रॅनाइटचा भुगा अगदी पिठासारखा बारीक पडतो, तो बाँडला फारसा झिजवत नाही. अशा दगडावर कडक बाँडची चकती लावली की वरचे कण घासून सपाट होतात आणि नवे बाहेर येतच नाहीत. आमच्या ओट्याच्या वेळी सिंकचं होल पाडताना मी हे समोर बघितलंय. दोन बाजू छान कापल्या गेल्या, तिसऱ्या बाजूला आवाज बदलला, कर्रकर्रच्या जागी किंचाळल्यासारखं, कडेला ठिणग्या आणि चकती दगडावर नुसती सरकतेय. मिस्त्री म्हणाले "ब्लेड मेलं". हात लावून बघितलं तर कड काचेसारखी गुळगुळीत. मी नवीन आणायला निघालो तर त्यांनी थांबवलं, बाहेर पडलेल्या सिमेंटच्या ब्लॉकमध्ये चार-पाच काप मारले, कड परत खरखरीत झाली आणि ग्रॅनाइटमध्ये सरसर उतरली. ब्लॉकमधल्या वाळूने बाँड खरवडला आणि कण उघडे पडले, एवढंच. मेलेली चकती जिवंत होते ती अशी, पण दर दहा मिनिटांनी हे करायला लागत असेल तर चकतीच त्या दगडाची नाही असं समजायचं.

उलट बाजूही बघा. काँक्रीटचा नवा रस्ता ओतल्यावर काही तासांत त्यात जॉइंट, म्हणजे भेगा आवरायला सरळ खाचा, मारतात, तेव्हा सिमेंट अजून पुरतं आवळलेलं नसतं, वाळू सुटी होऊन निघते आणि ग्रॅनाइटवाली मऊ चकती तिथे लावली तर ती खडूसारखी संपते. डांबराचंही तेच. शिवाय हा भुग्याचा चिखल सेगमेंटच्या, म्हणजे कडेवरच्या हिरेवाल्या तुकड्यांच्या, खालचं स्टीलही खातो, तिथली मान बारीक होते आणि चालू मशीनवर सेगमेंट उडतो, म्हणून अशा कामाच्या मोठ्या चकतीला मान राखायला मधेमधे जास्त खोल उतरलेले सेगमेंट देतात.

आपल्याकडच्या दगडांचं सांगायचं तर कडप्पा, शहाबादी, कोटा हे सगळे चुनखडीच्या जातीचे, मार्बलही कॅल्साइटचाच, कडकपणाच्या मोह्‌स मापात (१ ते १०, हिरा १०) साधारण ३, साधी चकती पुरते. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतो, तो ७. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, त्यात क्वार्ट्झ जवळपास नसतोच पण तो घट्ट आणि चिवट असतो, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक काँक्रीटमध्ये खडी ह्याचीच असते, त्यामुळे जुना, मुरलेला स्लॅब कापणं म्हणजे अर्धं काम बेसॉल्ट कापण्याचंच. त्यात सळई लागली की वेग आणखी पडतो. हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेलं लोखंड कार्बन शोषून घेतं, म्हणून नुसतं लोखंड कापायला ही चकती वापरत नाहीत. व्हॅक्यूम ब्रेझ केलेल्या, म्हणजे निर्वात भट्टीत हिरे झाळलेल्या, वेगळ्या चकत्या त्यासाठी मिळतात.

कडेचा प्रकार ही त्यानंतरची गोष्ट, जरी पाकिटावर तीच मोठ्या अक्षरात असते. खाचा असलेली सेगमेंटेड चकती जलद कापते, थंड राहते, पण कडेला टवके उडवते, काँक्रीट-विटांना ठीक. सलग रिमवाली हळू चालते, पाणी मागते, पण व्हिट्रिफाइड टाइलचा वरचा थर सांभाळते. टर्बो, म्हणजे सलग पण नागमोडी कडेची, या दोघींच्या मधली. इलेक्ट्रोप्लेटेडमध्ये हिऱ्याचा एकच थर असतो, मार्बल किंवा फायबरवर सफाईदार चालते, पण तो थर गेला की खाली काही नाही.

मशीनचाही हिशोब असतो. बाजारातली ४ इंची चकती प्रत्यक्षात १०५ किंवा ११० मिमी असते, मार्बल कटरवर मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेते, म्हणजे कडेचा वेग ताशी २४० ते २७० किमीच्या आसपास. वेग जास्त असला की तीच चकती जास्त कडक असल्यासारखी वागते, आणि मशीन कमी ताकदीचं असेल तर मऊ बाँड घेतलेला बरा. १४ इंची चकतीवर फेऱ्यांची मर्यादा साहजिकच खूप कमी छापलेली असते. गार्ड काढून ग्राइंडरला मोठी चकती बसवलेली साइटवर सर्रास दिसते, आणि तो शुद्ध वेडेपणा आहे. चकतीवरचा बाण पण बघून लावायचा: फिरताना प्रत्येक कणाच्या मागे बाँडची छोटी शेपटी तयार होते, ती त्याला मागून आधार देते, उलटी लावली तर आधार जातो आणि कण गळतात.

कोरडं की ओलं? ड्राय चकतीवर पाणी चालतं, वेट चकती कोरडी चालवायची नाही, कारण चांदीच्या झाळणाने जोडलेला सेगमेंट तापून सुटू शकतो. कोरड्याच्या चकतीचे सेगमेंट बहुतेकदा लेझरने वेल्ड केलेले असतात, तरी थोडं कापून मधेमधे हवेत मोकळी फिरू द्यायची. पण पाण्याचं खरं कारण चकती नाहीच, फुफ्फुसं आहेत. क्वार्ट्झच्या धुरळ्याने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यांचे स्लॅब कापणाऱ्या तरुण कामगारांना तो इतका झाला की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून हे स्लॅब बंदच केले. तोंडाला रुमाल बांधून हा धुरळा अडत नाही. पाणी वापरताना मात्र बोर्डात आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद पाडणारा स्विच) हवाच, उघड्या वायरी सॉकेटमध्ये खोचून ओलं काम करू नये.

घेताना रंगावर जाऊ नका, कुठला रंग कशासाठी हे कंपनीगणिक बदलतं. सेगमेंटची उंची बघा आणि मागे कुठला माल लिहिलाय ते वाचा. मोठ्या चकतीचे सेगमेंट संपले की स्टीलचा तवा सरळ असेल तर त्यावर नवे झाळून मिळतात, ४ इंचीला तो खर्च परवडत नाही, ती भंगारात जाते.