काँक्रीटचे पाणी आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी : पार्श्वभूमी

घरगुती सांडपाणी शुद्ध करून काँक्रीटमध्ये वापरावे की नाही, हा वाद पाणीटंचाईमुळे पुन्हा पुढे आला असला, तरी त्याचे मूळ एका जुन्या सोयीच्या नियमात आहे. जे पाणी पिण्याला चालते ते काँक्रीटलाही चालते, असा तो नियम. पिण्याच्या पाण्याची तपासणी आधीच झालेली असल्याने ती बांधकामावर पुन्हा करावी लागत नसे, एवढाच त्याला आधार होता. पुढे मात्र त्याचा उलटा अर्थ रूढ झाला आणि पिता न येणारे पाणी काँक्रीटलाही वर्ज्य ठरले. वास्तविक अमेरिकेत १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत समुद्राचे, खाणींतले, दलदलीतले आणि मैला मिसळलेले असे ६८ प्रकारचे पाणी तपासले गेले होते आणि त्यांपैकी बऱ्याच पाण्यांनी समाधानकारक मजबुती दिली होती.

सांडपाण्याचा स्वतंत्र विचार १९८० च्या दशकात सुरू झाला. शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे काँक्रीट नळाच्या पाण्याच्या काँक्रीटपेक्षा कमजोर ठरत नाही, असे १९८७ च्या एका अभ्यासात दिसले. १९८९ च्या दुसऱ्या अभ्यासाने फरक आणखी स्पष्ट केला. जैविक प्रक्रिया केलेले (म्हणजे जीवाणूंकरवी घाण काढलेले) घरगुती सांडपाणी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याच्या तोडीस तोड निघाले, तर कच्च्या मैलापाण्याने मजबुती सुमारे ९ टक्क्यांनी घटली, सिमेंट उशिरा बसले, म्हणजे घट्ट व्हायला वेळ लागला, आणि काँक्रीटमध्ये हवा जास्त अडकली. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. साबण व डिटर्जंट हवेचे बुडबुडे धरून ठेवतात आणि सेंद्रिय पदार्थ सिमेंटची पाण्याशी होणारी रासायनिक क्रिया लांबवतात. कुवेतमध्ये झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, प्रक्रिया जितकी अपुरी तितके सिमेंट बसायला उशीर, असाच क्रम आढळला. तिसऱ्या, म्हणजे अधिक बारीक शुद्धीकरणाच्या टप्प्यापर्यंत शुद्ध केलेले पाणी तेथे योग्य ठरले.

असे निष्कर्ष हाती येत असतानाच २००२ च्या युरोपीय मानकाने पाण्याचे वर्गीकरण त्याच्या उगमावरून केले, आणि या विषयाच्या इतिहासातला सर्वांत वादग्रस्त निर्णय तोच आहे. पिण्याचे पाणी तपासणीविना मान्य झाले, भूजल आणि कारखान्यांचे सांडपाणी तपासून घेण्याची मुभा मिळाली, पण मैलापाणी काँक्रीटसाठी अयोग्य आहे असे एका वाक्यात सांगून तो विषय संपवण्यात आला. कच्चे मैलापाणी आणि प्रक्रिया केलेले पाणी असा भेद त्या वाक्यात नाही. याच मानकाने काँक्रीट प्रकल्पात मिक्सर धुऊन उरलेल्या करड्या, गाळ असलेल्या पाण्याला मात्र जागा दिली : त्यातून येणारा गाळ एकूण खडी-वाळूच्या वजनाच्या १ टक्क्यापेक्षा कमी असावा आणि पाण्याची घनता रोज मोजावी. म्हणजे पाणी बदलते असते आणि रोजच्या नोंदीने त्यावर नियंत्रण ठेवता येते, हे मानकाला मान्यच होते. तीच शिस्त प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याला लावता आली असती. पाणी हाताळणाऱ्या कामगारांच्या आरोग्याची काळजी रास्तच आहे, विशेषतः क्युरिंगसाठी, म्हणजे ताजे काँक्रीट ओले ठेवण्यासाठी, पाणी फवारताना; पण त्यावर निर्जंतुकीकरणाची अट घालणे हा उपाय होता, सरसकट मनाई नव्हे.

२००४ च्या अमेरिकी मानकाने वेगळी वाट धरली. पिण्यायोग्य नसलेले पाणी चाचणीत उतरले तर ते वापरता येईल, असे त्याने ठरवले. ही चाचणी साधी आहे. त्याच सिमेंटचे, त्याच प्रमाणाचे दोन संच तयार करायचे, एकात शंकास्पद पाणी आणि दुसऱ्यात खात्रीचे पाणी घालायचे, मग सुई टोचून सिमेंट केव्हा बसते ते पाहायचे आणि शेवटी नमुने दाबून फोडायचे. पहिल्या संचाची मजबुती दुसऱ्याच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे. भारतीय मानकातही शंकास्पद पाण्यासाठी २८ दिवसांच्या ठोकळ्यांवर हीच ९० टक्क्यांची अट आहे.

मजबुतीची चाचणी एक प्रश्न मात्र सोडवत नाही, तो म्हणजे क्लोराइडचा, म्हणजे मिठात असणाऱ्या आणि सळई गंजवणाऱ्या घटकाचा. काँक्रीट लवकर घट्ट व्हावे म्हणून एके काळी त्यात कॅल्शियम क्लोराइड सर्रास घालत असत. सळया गंजू लागल्यावर १९७० च्या दशकात सळईच्या कामातून ते हद्दपार होऊ लागले. सांडपाण्यावरची जैविक प्रक्रिया सेंद्रिय घाण काढते, पण विरघळलेले मीठ जसेच्या तसे पुढे जाते. त्यामुळे दिसायला स्वच्छ, वास नसलेले आणि ठोकळ्याच्या चाचणीत उत्तम उतरलेले पाणीही सळईला घातक ठरू शकते. युरोपीय मानकात पाण्यातील क्लोराइडची सर्वसाधारण मर्यादा पूर्वताणित (आधीच ताणलेल्या पोलादी तारा असलेल्या) काँक्रीटसाठी लिटरला ५०० मिलिग्रॅम, सळईच्या काँक्रीटसाठी १,००० आणि विनासळईच्या काँक्रीटसाठी ४,५०० आहे. भारतीय मानक सळईच्या कामाला ५०० आणि साध्या काँक्रीटला २,००० पर्यंत मुभा देते. ही मर्यादा ओलांडणाऱ्या पाण्यासाठी रिव्हर्स ऑस्मॉसिससारखी खर्चिक प्रक्रिया करणे, त्यात गोडे पाणी मिसळणे किंवा ते फरसबंदीचे ठोकळे व पायाखालचे साधे काँक्रीट अशा विनासळईच्या कामापुरते ठेवणे, हे तीनच मार्ग उरतात, आणि त्यांपैकी तिसरा आज लगेच अंगीकारण्याजोगा आहे.