पार्श्वभूमी : लिस्बनच्या बेलेम किनाऱ्यावरची स्मारके

लिस्बनला गेलेला प्रवासी बेलेमला जातोच. जेरोनिमोस मठ, नदीतला बुरूज, जहाजाच्या नाळेसारखे उभे असलेले शोधसफरींचे स्मारक आणि मठासमोरची चौकोनी बाग हे सगळे एका सकाळी पाहून होते. पाहताना ते एकाच काळातले, वास्को द गामाच्या जमान्यातले वाटते. प्रत्यक्षात मठ आणि बुरूज तेवढे सोळाव्या शतकातले आहेत. बाकीची मांडणी १९४० ते १९६१ या काळात झाली आणि ती एका हुकूमशाही राजवटीने केली.

जुन्या दोन वास्तूंबद्दल थोडक्यात. मठाचे बांधकाम १५०१ च्या सुमारास सुरू झाले आणि त्याचा बराचसा खर्च पूर्वेकडच्या मसाल्यांच्या व्यापारावरील करातून निघाला. म्हणजे त्या नाजूक कोरीवकामात मलबारच्या मिरीचा पैसा आहे. बुरुजावर गेंड्याचे डोके कोरलेले आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगिजांना दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने १५१५ मध्ये लिस्बनला पोहोचला होता, त्याच्याशी या शिल्पाचा संबंध जोडला जातो. १७५५ च्या भूकंपात निम्मे शहर कोसळले, पण या दोन्ही वास्तू तगल्या. वास्कोची कबर मठात आली ती मात्र १८८० मध्ये. तेव्हा भलत्याच माणसाची हाडे आणली गेली होती. चूक सुधारायला १८९८ उजाडले. बुरुजाला लागून गॅसचा कारखाना बराच काळ धूर ओकत होता. आज पवित्र मानला जाणारा हा किनारा त्या वेळच्या लोकांना तसा वाटत नसावा.

चित्र बदलले १९४० मध्ये. देशाच्या स्थापनेला ८०० आणि स्पेनपासून सुटकेला ३०० वर्षे झाल्याचे निमित्त साधून सरकारने मठासमोर 'पोर्तुगीज जगा'चे प्रदर्शन भरवले. युरोप महायुद्धात होरपळत होता आणि तटस्थ लिस्बनमध्ये साम्राज्याचा उत्सव चालला होता. त्यासाठी बेलेमची जुनी वस्ती आणि बाजार पाडले गेले. वसाहतींतून माणसे आणून त्यांना उभारलेल्या 'खेड्यां'त प्रेक्षकांसमोर राहायला लावले गेले. पर्यटकांसाठीच्या माहितीत या गोष्टीला जेमतेम एखादी ओळ मिळते. शोधसफरींचे स्मारक मूळचे याच प्रदर्शनातले. ते तात्पुरते होते आणि काही वर्षांतच पाडले गेले.

काँक्रीट आणि दगडात ते पुन्हा उभे राहिले १९६० मध्ये, दर्यावर्दी राजपुत्र हेन्रीच्या पाचशेव्या पुण्यतिथीला. पुढे हेन्री आणि मागे ३२ जण. त्यांत वास्को आहे, गोवा जिंकणारा अल्बुकर्क आहे, फ्रान्सिस झेवियरही आहे. स्त्री एकच, हेन्रीची आई. पायथ्याच्या फरशीतले ५० मीटर व्यासाचे होकायंत्राचे चित्र ही वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेची भेट. वर्ष लक्षात घ्यायला हवे. दादरा-नगर हवेली १९५४ मध्येच पोर्तुगालच्या हातची गेली होती, तिथे जाण्याच्या वाटेवरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातला निकाल १९६० च्या एप्रिलमध्ये लागला आणि त्याच वर्षी आफ्रिकेत एकामागून एक देश स्वतंत्र होत होते. त्यामुळे हे स्मारक शोधांच्या युगाचे म्हणण्यापेक्षा साम्राज्य सोडायला तयार नसलेल्या सरकारचे म्हणणे अधिक योग्य.

खरा तिढा आहे तो बागेचा. बाग १९४० ची, पण तिच्यातली झुडपे आणि फुलांची राजचिन्हे १९६१ च्या एका पुष्पप्रदर्शनासाठी लावलेली. त्यांत देशातल्या जिल्ह्यांची होती, तशी आठ वसाहतींचीही, आणि त्या आठांत 'भारत राज्या'चे, म्हणजे गोवा, दमण, दीवचे चिन्ह होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला. चिन्ह मात्र राहिले आणि हुकूमशाही उलथवणाऱ्या १९७४ च्या क्रांतीनंतरही माळी ते कातरत राहिले. पुढे देखभाल ढिली पडली आणि चिन्हे ओळखू येईनाशी झाली. २०१४ मध्ये नगरपालिकेने वसाहतींची चिन्हे पुन्हा न लावण्याचे ठरवले. मूळ आराखड्यात ती नव्हतीच, हा तिचा युक्तिवाद कागदावर बिनतोड होता. विरोधकांनी इतिहास पुसला जातोय म्हणून सह्यांची मोहीम उघडली आणि २०२१ मध्ये वाद शिगेला पोहोचला. त्याच वर्षी एका खासदाराने नदीकाठचे स्मारकच पाडायला हवे होते असे लिहून खळबळ उडवली, आणि उन्हाळ्यात स्मारकावर रंगाने घोषणा लिहिली गेली.

निर्णय झाला तो तडजोडीचा. झुडपे गेली आणि २०२३ मध्ये तीच चिन्हे फरसबंदीच्या काळ्या-पांढऱ्या दगडांत आली, वसाहतींचीसुद्धा. तडजोड म्हणवणाऱ्या या निर्णयाने एका बाजूला जवळजवळ सगळे देऊन टाकले. झुडूप दोन-चार वर्षे न कातरता सोडले तर आपोआप विरते. दगड विरत नाही. इतिहास जपायचा होता तर ही चिन्हे १९६१ ची आहेत आणि कोणी, कशासाठी लावली, हे तिथेच ठळकपणे सांगणे जास्त गरजेचे होते.

गोव्याने याच काळातल्या एका वारशाचे वेगळे केले. १९६० च्या सुमारास जुन्या गोव्यात उभारलेला पोर्तुगीज महाकवी कामोइंशचा ब्राँझ पुतळा मुक्तीनंतर वीसेक वर्षे उघड्यावर होता. त्यावरून आंदोलन झाले आणि १९८० च्या दशकात तो तिथल्याच पुरातत्त्व संग्रहालयात हलवला गेला. तिकीट काढून तो आजही पाहता येतो.