एका झाडाचे दोन पतंग

पतंगाची ओळख पटवायची तर आपण सवयीने त्याचे पंख बघतो. पट्टा कुठे आहे, ठिपके किती, कड सरळ की नागमोडी. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती आलेल्या पतंगाचा मोबाइलवर फोटो काढून त्याचं नाव शोधणारे आपण सगळे हेच करतो. अमेरिकेच्या नैऋत्येला, कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांत पसरलेल्या मोहावी वाळवंटात एक छोटासा काळपट पतंग आहे, त्याने मात्र या सवयीला शंभर वर्षांहून जास्त काळ दाद दिली नाही. तो कुणाला दिसला नव्हता असं नाही. पण तिथल्या जोशुआ वृक्षांवर, म्हणजे युक्का गटातल्या झाडांवर, जे पतंग मिळत, ते सगळे एकाच नावाखाली नोंदवले जात. ते नाव होतं टेजेटिक्युला सिंथेटिका. त्यात दोन जाती मिसळल्या आहेत हे २००३ मध्ये स्पष्ट झालं. ओली पेलमिर आणि कॅरी सेग्रेव्हज या संशोधकांनी दुसऱ्या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं आणि तिला नाव दिलं टेजेटिक्युला अँटिथेटिका.

ही ओळख पटायला इतका वेळ का लागला, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे, सेंट लुईस शहरात जावं लागतं.

साल १८७२. जॉर्ज एंगेलमान हे तिथले नामांकित डॉक्टर, आणि वनस्पतिशास्त्राचे मोठे जाणकार. युक्का नावाच्या झाडाची फुलं तपासताना त्यांच्या लक्षात आलं की या फुलात परागीभवन आपसूक होणं जवळजवळ अशक्य आहे. पराग चिकट असतात, वाऱ्यावर उडत नाहीत. कुक्षीचा जो भाग पराग स्वीकारतो तो वरच्या टोकाच्या खळग्यात असतो, आणि पुंकेसर खाली, बाहेरच्या बाजूला वाकलेले असतात. म्हणजे कुणीतरी पराग उचलून त्या खळग्यात नेऊन घालायलाच हवेत. त्यांनी हे कोडं मिसुरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांच्यासमोर ठेवलं. रायलींनी रात्री कंदील घेऊन फुलांपाशी बसून पाहिलं, तेव्हा त्यांना एक छोटी पांढरी पतंगीण हे काम करताना दिसली.

ती काय करते ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. तिच्या तोंडाजवळ दोन लांब, वळणारे अवयव असतात. शुंडकं म्हणूया त्यांना. असे अवयव दुसऱ्या कुठल्याही कीटकात सापडत नाहीत. त्यांनी ती परागकोशावरून पराग खरवडून काढते आणि पुढच्या पायांच्या मदतीने त्यांची गोळी वळते. आपण लाडू वळतो तशी, थोडं थोडं दाबत. ही गोळी हनुवटीखाली धरून ती दुसऱ्या फुलाकडे उडते. गोळीचं वजन कधीकधी तिच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास १० टक्क्यांपर्यंत जातं. नव्या फुलात शिरल्यावर ती आधी फिरून पाहणी करते. मग पाठीमागची बारीक नळी अंडाशयात खुपसून अंडं घालते. त्यानंतर वर कुक्षीवर चढते, शुंडकं उलगडते आणि थोडे पराग खळग्यात दाबून भरते. खाली उतरते, आणखी एक अंडं घालते, पुन्हा वर चढते.

मधमाशीच्या अंगाला पराग लागतात आणि नकळत दुसऱ्या फुलावर जातात. इथे नकळत काहीच होत नाही. ही मादी फुलात काही खायलाही आलेली नसते. प्रौढ झाल्यावर तिचं आयुष्य मोजक्या दिवसांचं असतं. तिच्या अळ्या मात्र तयार होणाऱ्या बियांमधल्या काही बिया खातात. बिया झाल्या नाहीत तर अळ्या उपाशी मरतील, म्हणून तिला परागीभवनाची काळजी घ्यावी लागते. उरलेल्या बियांतून झाडाची पुढची पिढी येते. एखाद्या फुलात अंडी फार झाली तर झाड ते फूलच गाळून टाकतं, त्यामुळे हावरटपणाला आपोआप लगाम बसतो. हे सगळं वाचून डार्विन इतके भारावले की १८७४ मध्ये मित्र हूकर यांना लिहिलेल्या पत्रात, आजवर प्रसिद्ध झालेल्या परागीभवनाच्या उदाहरणांत हे सर्वांत अद्भुत आहे, असं त्यांनी म्हटलं.

रायलींनी या पतंगाच्या प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, नाव दिलं होतं प्रोनुबा. प्राचीन रोममध्ये लग्नात नवऱ्या मुलीची पाठराखण करून तिचा हात नवऱ्याच्या हातात देणारी जी सुवासिनी असे, तिला प्रोनुबा म्हणत. आपल्याकडची पाठराखीणच म्हणा ना. इतकं चपखल नाव टिकायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. पण ते आधीच एका भुंगेऱ्याला दिलेलं होतं, आणि प्राणिशास्त्राच्या नियमाप्रमाणे एकच नाव दोन प्रजातींना चालत नाही. म्हणून टेजेटिक्युला हे नाव रूढ झालं.

ओळखीचा घोळ तेव्हाच सुरू झाला. युक्कावर आणखी एक पांढरा पतंग सापडतो, जवळजवळ तसाच दिसणारा. त्याच्या मादीला शुंडकं नसतात, ती परागांना हातही लावत नाही, आणि तिच्या अळ्या फुलांच्या दांड्यात वाढतात. ज्यांच्या हाती हा दुसरा पतंग लागला त्यांना रायलींच्या निरीक्षणांविषयी शंका आली. मग रायलींनी १८८० मध्ये या दुसऱ्या पतंगाचं वेगळं वर्णन करून त्याला प्रोडॉक्सस डेसिपिएन्स हे नाव दिलं. डेसिपिएन्स म्हणजे फसवणारा. खरा आणि खोटा युक्का पतंग असा फरक त्यांनी मांडला. दोघं एकाच फुलोऱ्यावर शेजारी शेजारी बसलेले असतात. पंख पाहून गल्लत होते, तोंडाजवळ भिंग धरलं की होत नाही. तेही मादी असेल तरच, कारण खऱ्या पतंगाच्या नरालाही शुंडकं नसतात.

जोशुआ वृक्ष हाही एक युक्काच, पण झाडाएवढा उंच वाढणारा. फांद्यांच्या टोकांना टोकदार पानांचे झुबके असलेला हा वृक्ष म्हणजे मोहावी वाळवंटाची खूण. त्याच्या पतंगाचं वर्णनही रायलींनीच १८९२ मध्ये केलं. तोच सिंथेटिका. रंग काळपट असल्यामुळे इतर पांढऱ्या युक्का पतंगांपासून तो पटकन वेगळा काढता येत होता, आणि कदाचित म्हणूनच पुढे कुणी फार खोलात गेलं नाही. १९६७ मध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी या साऱ्या गटाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा टेजेटिक्युला प्रजातीत तीनच जाती धरल्या: पांढऱ्या पतंगांची युक्कासेला, मॅक्युलाटा आणि जोशुआ वृक्षाची सिंथेटिका.

पेलमिर यांनी हे चित्र पालटलं. ते मूळचे स्वीडनचे, पुढे अमेरिकेत आयडाहो विद्यापीठात काम करत. युक्कासेला म्हणून जी एक जात समजली जात होती ती डझनभराहून अधिक जातींचा समूह आहे, असं त्यांनी १९९९ मध्ये दाखवलं. त्यांतल्या दोन तर आयतोबा निघाल्या. त्यांच्या माद्यांना शुंडकंच उरलेली नाहीत. दुसऱ्या पतंगिणीने परागीभवन करून दिलं की फळ धरू लागल्यावर त्या येऊन अंडी घालतात. त्यांतल्या एकीचं नाव कोरप्ट्रिक्स, म्हणजे बिघडवणारी.

असे पतंग वेगळे कसे करतात? पंखांवरचे खवले बोटाला लागून पुसले जातात, रंगात नमुन्यागणिक फरक असतो. म्हणून पोटाचा मागचा भाग अलगद सुटा करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. त्यात मऊ भाग विरघळून जातो आणि कठीण सांगाडा उरतो. तो काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की मादीची अंडी घालायची नळी, तिचं टोक, नराच्या जननेंद्रियावरचे काटे स्पष्ट दिसतात आणि मोजता येतात. जोडीला डीएनए. आणि मग निवडून ठेवलेला एक नमुना, ज्याच्याशी त्या जातीचं नाव कायमचं बांधलेलं असतं. पुढे कधी वाद झालाच तर त्या एका नमुन्याकडे परत जावं लागतं. टाचणीला लावलेला तो इवलासा जीव आणि त्याखालची बारीक अक्षरातली चिठ्ठी संग्रहालयं पिढ्यान्‌पिढ्या जपतात, ते यासाठी.

जोशुआ वृक्षाच्या बाबतीत झाडानेही एक सुगावा दिला होता. पश्चिमेकडचे वृक्ष उंच, बरंच वर गेल्यावर फांद्या फुटणारे. पूर्वेकडचे ठेंगणे, लवकर फांद्या फुटणारे, आखूड पानांचे. सुसान मॅकेल्वी यांनी १९३५ मध्येच पूर्वेकडच्या झाडाची जेगेरियाना हा प्रकार म्हणून नोंद केली होती. पेलमिर आणि सेग्रेव्हज यांनी ठिकठिकाणचे पतंग गोळा करून त्यांचा डीएनए वाचला, शरीरं मोजली. ते सरळ दोन गटांत पडले: पश्चिमेच्या झाडांवर एक, पूर्वेच्या झाडांवर दुसरा. पूर्वेकडचा आकाराने लहान, आणि त्याच्या मादीची अंडी घालायची नळीही आखूड. हाच अँटिथेटिका.

नळीच्या लांबीला एवढं महत्त्व का? बहुतेक युक्का पतंग अंडाशयाच्या भिंतीतून आरपार नळी घालतात. जोशुआ वृक्षाची पतंगीण वरून, कुक्षीवृंतातून, म्हणजे कुक्षी आणि अंडाशय यांना जोडणाऱ्या दांडीतून, नळी खाली सोडते, थेट बीजांडांपर्यंत. म्हणजे विहीर जितकी खोल तितका दोर लांब लागणार. नंतरच्या मोजमापांत असं आढळलं की दोन प्रकारच्या झाडांच्या फुलांत सगळ्यांत ठळक फरक याच कुक्षीवृंताच्या लांबीत आहे. पश्चिमेकडे तो लांब, पूर्वेकडे आखूड. २००७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ली लेन्झ यांनी पूर्वेकडच्या झाडाला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला, युक्का जेगेरियाना. एका वृक्षाच्या जागी दोन वृक्ष आणि एका पतंगाच्या जागी दोन पतंग.

झाड आणि कीटक यांनी असं एकमेकांवर अवलंबून असण्याचं जवळचं उदाहरण आपल्या अंगणात आहे. उंबराच्या फळात दडलेल्या फुलांचं परागीभवन करणारी गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली चिमुकली माशीही त्याच फळात अंडी घालते. माशीविना उंबर फळायचा नाही आणि उंबराविना माशी जगायची नाही. युक्काही आपल्याकडे बंगल्यांच्या बागांत शोभेसाठी लावतात. त्याला पांढऱ्या घंटांसारख्या फुलांचा देखणा तुरा येतो. तो जवळून पाहायला मिळाला तर कुक्षीच्या टोकाचा खळगा आणि त्यापासून दूर वाकलेले पुंकेसर जरूर पाहा. एंगेलमान यांना पडलेलं कोडं तिथेच समोर दिसेल. पतंगीण तेवढी दिसणार नाही. ती इथली नाही.

नेवाडात टिकाबू नावाचं एक खोरं आहे. तिथे दोन्ही प्रकारचे जोशुआ वृक्ष एकमेकांच्या शेजारी उभे आहेत, अधूनमधून दोहोंच्या मधल्या रूपाची झाडंही दिसतात, आणि दोन्ही पतंग तिथे उडतात. इथे कुणाही पतंगिणीला कुठल्याही झाडावर जायला अडकाठी नाही, म्हणून संशोधक वर्षानुवर्षं याच खोऱ्यात येत राहिले. त्यांना आढळलं की दोन्ही पतंगांना यश येतं ते मुख्यतः आपापल्या झाडावर. परक्या झाडावर त्यांची वीण नीट वाढत नाही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये मोहावीतल्या सिमा डोम या भागात वीज पडून वणवा लागला. सुमारे ४३ हजार एकर जळालं. तिथल्या वन्य प्रदेशाची देखभाल करणाऱ्यांच्या अंदाजानुसार जवळपास १३ लाख जोशुआ वृक्ष त्यात सापडले. ते पूर्वेकडच्या जातीचे होते, अँटिथेटिकाचे. तिथे नंतर पुन्हा रोपं लावण्यात आली. ती मोठी होऊन फुलायला कित्येक वर्षं जातील, आणि फुलली की त्यांना आखूड नळीचीच पतंगीण लागेल.