रानावर शब्द कुणाचा? कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरील सामुदायिक वनव्यवस्थापनाची पार्श्वभूमी

झाड कुणाच्या परवानगीने तोडावे याविषयीची एक अतिशय स्पष्ट जुनी मराठी आज्ञा कोल्हापूरच्याच गादीशी जोडलेली आहे. बावड्याची जहागीर ज्यांच्या घराण्याकडे होती त्या रामचंद्रपंत अमात्यांनी सुमारे १७१५ साली, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या काळात, आज्ञापत्र सिद्ध केले. त्यातील आरमाराच्या प्रकरणात असे सांगितले आहे की, अरण्यातील सागवानासारखे लाकूड हुजूरच्या, म्हणजे राजाच्या, परवानगीने तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. मात्र रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी जतन केलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊनच ते न्यावे, जबरदस्ती करू नये. हा मजकूर आज अनेकदा शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून फिरवला जातो. शिवकाळातील धोरणाचा वारसा त्यात आहे हे खरे, पण लेखन अमात्यांचे आहे, आणि कोल्हापूरकरांनी तरी ही नोंद नेमकी ठेवायला हवी.

या आज्ञेत दोन प्रकारची झाडे दिसतात: अरण्यातील, ज्यांवर हुजूरचा शब्द चालतो, आणि लावलेली, ज्यांवर धन्याचा शब्द चालतो. या दोहोंच्या मधले रान, म्हणजे गुरे चारण्याची कुरणे, सड्यांवरचे (डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारांवरचे) गवत, तरवा म्हणजे भाताची रोपे करण्याची जागा भाजायला लागणारा पालापाचोळा, सरपण आणि देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, हे त्या आज्ञेत येत नाही. ते गावच्या वहिवाटीवर चालत आले. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात हे मधले रानच सर्वांत मोठे होते, आणि पुढचा सगळा वाद त्याच्यावरूनच झाला.

वहिवाटीचा सर्वांत कडक नमुना म्हणजे देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला तेव्हा, आजूबाजूचे डोंगर उघडे पडलेले असतानाही देवराईत मूळचे जंगल टिकून असल्याचे त्यांना आढळले. देवाचा कौल घेतल्याशिवाय वाळलेली फांदीही बाहेर न्यायची नाही, हा नियम पाळायला कोणताही रखवालदार लागत नव्हता. तरीही देवराईवरून सगळ्या गावरानाचा अंदाज बांधणे योग्य नाही. देवराई असते थोडी. उरलेल्या रानात चराई होती, लाकूडतोड होती, वणवेही लागत. तिथे गावाचे नियम होते, पण ते कुठे लिहिलेले नव्हते, आणि लिहिलेले नसलेले हक्क कागदाच्या राज्यात टिकले नाहीत.

इंग्रजी राजवटीत १८६५ साली पहिला वनकायदा झाला आणि १८७८च्या कायद्याने जंगलाची राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी वर्गवारी केली. यांपैकी राखीव वने झपाट्याने वाढली. गावाकडे सोपवायची ग्रामवने मात्र बहुतेक ठिकाणी कलमापुरतीच राहिली. जोतीराव फुले यांनी १८८३ साली शेतकऱ्यांची दैन्यावस्था मांडताना, डोंगर, दऱ्या आणि गायराने जंगलखात्यात गेल्यामुळे गरिबाला शेरडू-करडू चारायलाही जागा उरली नाही, अशी तक्रार केली होती. कोल्हापूर हे संस्थान असल्याने हा कायदा इथे थेट लागू नव्हता. तरी कारभाराचा साचा मुंबई इलाख्याकडे पाहूनच घडत गेला. दाजीपूरचे दाट जंगल छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान होते, विशाळगड आणि बावडा या जहागिऱ्यांची जंगले त्यांच्या त्यांच्या अखत्यारीत होती, आणि गावोगावची वहिवाट यांच्या आधाराने किंवा यांना चुकवून चालू होती. म्हणूनच शेजारच्या दोन गावांचे जुने वनदप्तर आजही एकसारखे सापडत नाही.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर या सगळ्या वेगवेगळ्या रानांवर हळूहळू एकच खाते आणि १९२७चा एकच कायदा आला. १९५२च्या राष्ट्रीय वननीतीने तर जंगलाजवळच्या गावांच्या गरजांपुढे राष्ट्रीय हित ठेवले. १९५८ साली दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन ३५१.१६ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य अस्तित्वात आले, आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. दरम्यान महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वने शासनाकडे गेली, त्यामुळे मालकी रानांचाही प्रश्न खात्याच्या दप्तरात शिरला. या संरक्षणामुळे गवा वाचला, सदाहरित जंगलाचे मोठे पट्टे राहिले, याबद्दल कृतज्ञताच वाटायला हवी. पण अभयारण्याच्या आत आणि काठावर राहणाऱ्या वाड्यांना या निर्णयांत कधी विचारले गेले नाही, आणि पिकात गवे उतरतात तेव्हा त्याची किंमत त्याच वाड्या मोजतात.

पुढचे वळण १९८८च्या वननीतीने घेतले. महसुलापेक्षा पर्यावरणीय समतोल मोठा आणि वनोपजावर पहिला हक्क जंगलालगतच्या लोकांचा, असे तिने मान्य केले. त्याला धरून केंद्राने १ जून १९९० रोजी परिपत्रक काढले आणि महाराष्ट्राने १९९२ साली संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय घेतला. त्याआधी १९८२ पासून सामाजिक वनीकरण विभाग गायरानांवर आणि रस्त्याकडेला झाडे लावत होताच. त्यातली निलगिरी आणि सुबाभूळ अजून दिसते. संयुक्त वनव्यवस्थापनात गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, वणवा विझवायला धावायचे, आणि त्याबदल्यात उत्पन्नात वाटा घ्यायचा, अशी मांडणी होती. पुढे संत तुकाराम वनग्राम योजनेने चांगल्या समित्यांना पुरस्कारही दिले. काही गावांत यामुळे रान खरोखर भरले. तथापि समितीच्या सचिवपदी वनखात्याचाच कर्मचारी असे आणि कोणत्या तुकड्यात काय करायचे हे कार्य-आयोजनेत, म्हणजे खात्याच्या कामाच्या आराखड्यात, आधीच ठरलेले असे. गावाकडे राखण आली, निर्णय आला नाही. म्हणून योजनेचा निधी थांबला की बऱ्याच समित्याही थांबल्या.

२००६चा वनहक्क कायदा याहून वेगळा आहे, कारण तो वाटा देत नाही, हक्क मान्य करतो. परंपरेने जपलेल्या सामुदायिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्मिती आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार कलम ३(१)(झ) खाली ग्रामसभेला मिळतो, आणि तो राखीव वनातच नव्हे तर अभयारण्यातही लागू होतो. दावा ग्रामसभेत सुरू होतो, वनहक्क समिती हद्दीची पाहणी करते, मग तो उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जातो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर असा अधिकार मिळाला आणि तेथील बांबू गावाने स्वतः विकून दाखवला.

कोल्हापुरात तेच पाऊल जड का जाते, याची कारणे वर सांगितलेल्या इतिहासात आहेत. हा जिल्हा अनुसूचित, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या, क्षेत्रात येत नाही. घाटमाथ्यावरील वाड्यांत राहणारे गवळी-धनगर राज्यात भटक्या जमातींच्या यादीत आहेत, अनुसूचित जमातींच्या नाही. त्यामुळे कायद्याच्या भाषेत ते 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात, आणि त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, आपण इथे राहत आलो आहोत आणि या रानावर अवलंबून आहोत हे दाखवावे लागते. हिशेब १९३० सालापर्यंत मागे जातो. त्या साली इथे संस्थान होते, दप्तराचा मोठा भाग मोडीत होता, आणि गुरांमागे रान बदलत फिरणाऱ्या वाडीची नोंद कारकुनाने केलेली असेलच याची खात्री नव्हती. ज्यांचे जगणे रानाशी सर्वांत जवळून बांधलेले, त्यांच्याकडेच सर्वांत कमी कागद, ही स्थिती अन्यायाची आहे असे स्पष्ट म्हटले पाहिजे. सुदैवाने या कायद्याच्या नियमांतला पुराव्याविषयीचा नियम १३ केवळ कागदावर अडत नाही. दावेदार नसलेल्या ज्येष्ठांचे लेखी जबाब, जुन्या विहिरी, घरांचे चौथरे, दफनभूमी, देवस्थाने हाही पुरावा धरला जातो. कोल्हापूरच्या पुरालेखागारातील संस्थानी कागद आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांची आठवण या दोन्ही गोष्टी एकाच दाव्यात शेजारी ठेवता येतात, आणि हे काम म्हातारी पिढी हयात आहे तोवरच होऊ शकते.

अलीकडे विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रेही जिल्ह्यात झाली आहेत. वन्यजीव कायद्यातील तरतुदीनुसार अशा क्षेत्राच्या समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात, पण ती समिती सल्ला देणारी असते. ग्रामसभेच्या हक्काची जागा ती घेऊ शकत नाही, हा फरक गावांनी आणि अधिकाऱ्यांनीही लक्षात ठेवावा.

हक्क मिळाल्यावर गावाने नेमके काय करायचे, हे हिरड्यावरून नीट कळते. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावण्याची जुनी रीत आहे. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या रीतीलाही मान मिळाला. कमावणीला पिकलेले, पिवळट फळ लागते, तर औषधाच्या बाजारात कोवळा, वाळून काळा पडलेला बाळहिरडा चढ्या भावाने जातो. रान कुणाचेच नसले की जो आधी पोचेल तो कोवळी फळे फांद्यांसकट ओरबाडतो, कारण थांबला तर दुसरा नेणार हे त्याला ठाऊक असते. मग बी पडत नाही, रोप उगवत नाही, आणि जुने झाड वाळले की तिथे दुसरे येत नाही. हे थांबवायला तोडणीचा दिवस एकत्र ठरवावा लागतो, प्रत्येक झाडावर काही फळे राखावी लागतात, फांदी तोडणाऱ्याला गावानेच अडवावे लागते, आणि माल एकत्र वाळवून विकावा लागतो. कायद्यानुसार ग्रामसभेने नेमलेल्या व्यवस्थापन समितीने करायचा आराखडा अशाच गोष्टींचा असतो: हिरडा कधी उतरवायचा, जाळरेषा (वणवा अडवायला मोकळे केलेले पट्टे) फेब्रुवारीपूर्वी कुणी काढायच्या, कोणत्या सड्यावर गुरे कोणत्या महिन्यात न्यायची, आणि यातले काही मोडले तर दंड किती. तो ग्रामसभेत मंजूर झाला की वनखात्याच्या कार्य-आयोजनेशी त्याचा मेळ घालावा लागतो.