सवय लागायला २१ दिवस? हा आकडा आला कुठून

२१ दिवस नेटाने केलं की सवय अंगवळणी पडते, असं सर्रास सांगितलं जातं. मूळ वेगळंच आहे. अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० मध्ये लिहिलं, की बदललेला चेहरा रुग्णाच्या मनात रुजायला किमान सुमारे २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळालं, चेहराही गळाला!

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) निघाला ६६ दिवस; अंदाजे पल्ला १८ ते २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

म्हणून दिवस मोजण्यापेक्षा तयारी खुणेची करा, म्हणजे सवयीची आठवण करून देणाऱ्या ठरावीक क्षणाची. ‘रोज सकाळी’ हे फार मोघम. ‘दात घासून ब्रश ठेवला की दहा बैठका’ हे नेमकं. बाविसाव्या दिवशीही जिवावर येत असेल, तर बैठका पाचवर आणा, खूण बदलू नका.